सतरा इंच

वस्तीत त्यांना ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की कललीय हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. आजोबा उंच, हाडकुळे आणि बहात्तराव्या वर्षीही ताठ, हे या नावाचं एक कारण. दुसरं म्हणजे, कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी विचारपूस वगैरे काही नाही. दाराची चौकट कुठे कललीय, कपाट भिंतीपासून किती सुटलंय हे बघणार आणि तोंडावर सांगणार. त्यामुळे लोक त्यांना घरी बोलवायला जरा कचरत. आजोबांना त्याचं काही नव्हतं. वाकड्याला वाकडं म्हणायला घाबरायचं कशाला, असं त्यांचं साधं म्हणणं.

धंदा फरशी बसवण्याचा. चाळीस वर्षं गुडघ्यांवर काढली. इस्पितळाच्या खोल्या, बँकेचा दर्शनी भाग, शाळेचा तीनशे फुटी व्हरांडा, असं सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. खिशात कायम दोन गोष्टी: एक मोजायची टेप आणि एक काचेची गोटी. काम संपलं की गोटी फरशीच्या मधोमध ठेवायची. जागची हलली नाही तर हात धुवायचे, हलली तर पुन्हा बसायचं. आपली गोटी आयुष्यात कधी हलली नाही, असं ते सांगत. त्यावर आजी म्हणे, न्हाणीघरात तरी हलायला हवी होती, नाहीतर पाणी जाणार कुठून? मग आजोबा म्हणत, न्हाणीघराची गोष्ट वेगळी.

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. दुसऱ्याने बसवलेली फरशी उखडायला गेलं, की पहिली फरशी सुटली रे सुटली की छिन्नी बाजूला ठेवायची, खालचा सिमेंटचा सगळा अर्धवट मसाला एकदा बघून घ्यायचा आणि मान हलवत म्हणायचं, "कुणी बसवली होती ही?" उत्तर कुणालाच नको असतं. तो प्रश्न नव्हेच मुळी. मागच्या माणसाची शोभा करून आपण किती शहाणे हे घरमालकाला ऐकवण्याचा तो एक प्रकार आहे, आणि दुनियेतला प्रत्येक फरशीवाला तो करतो. आजोबा जरा जास्तच चवीने करत. स्वतःची फरशी स्वतः उखडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, त्यामुळे त्यांना तो हक्कही होता.

नात पाच वर्षांची असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर कामावर जाई. हिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. एकदा आजोबांनी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली फरशी उचलली, आणि ते तोंड उघडायच्या आत ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुणी बसवली होती ही?" घरमालकीण हसून हसून खाली बसली. आजोबांनी ती गोष्ट पुढे सहा वर्षं सांगितली.

ती आता बारा वर्षांची झाली आणि बेसबॉल खेळते. पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारी. सुरुवातीला आजोबांना या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग त्यांनी आपल्यापुरतं समजून घेतलं, ते असं: जमिनीत एक पांढरी पाचकोनी प्लेट बसवलेली असते, तिला होम प्लेट म्हणतात. समोरचा बॅटवाला तिच्या बाजूला उभा राहतो. लांब मातीच्या उंचवट्यावर एक पांढरी रबराची पट्टी असते, तिच्यावर पाय टेकवून भिंगरी चेंडू फेकते. चेंडू प्लेटवरून आणि बॅटवाल्याच्या गुडघ्याच्या वर, छातीच्या खाली गेला पाहिजे. तसे तीन गेले आणि त्याला मारता आले नाहीत, तर तो बाद. चार चेंडू भलतीकडे गेले तर तो फुकटात पुढे सरकतो. म्हणजे सगळा खेळ मापाचा, असं आजोबांनी ठरवलं आणि त्यांना तो एकदम आवडला.

दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावरचा उंचवटा पार बसला होता. मुलांना शिकवतो तो तरुण दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करतो, म्हणून त्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. तो कुणीतरी मातीकाम करणारा शोधत होता. आजोबांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. नातीच्या पायाखालची जागा दुसरं कोण बांधणार? चष्मेवाल्याने कागदावर मापं लिहून दिली: उंची सहा इंच, प्लेटपासून पट्टीपर्यंत शेहेचाळीस फूट. आजोबांनी कागद वाचला, घडी करून खिशात टाकला आणि चार दिवसांत असा उंचवटा उभा केला की बघत राहावं. पट्टीखाली विटांचा पाया, वर चिकणमातीचे थर, प्रत्येक थर ठोकून बसवलेला. कितीही पाऊस झाला तरी मातीचा कण हलत नव्हता. बाहेरून येणारे पंच त्यावर एकदा पाय आपटून बघत, खूश होत आणि खेळ सुरू करत. इतक्या देखण्या कामाला टेप लावून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि मग भिंगरी जिंकायला लागली. घरच्या मैदानावर दोन हंगामांत अकरा सामने झाले, ती अकराही जिंकली. समोरच्या संघाच्या पिचरचे चेंडू प्लेटपर्यंत पोचताना मान टाकत, जमिनीवर आपटत. भिंगरीचे मात्र गुडघ्याच्या वर, छातीच्या खाली, नेमके. आजोबा प्लेटच्या मागे जाळीला लागून आपलं कामावरचं बुटकं स्टूल टाकून बसत आणि प्रत्येक चेंडूला मान डोलावत. पलीकडच्या गावच्या संघात एक डावखुरी मुलगी होती, चांगली उंचीपुरी. तिचे इथे एकामागून एक चेंडू मातीत गेले आणि ती शेवटी उंचवट्यावरच रडायला लागली. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत आजोबा म्हणाले, पोरीच्या हातात दमच नाही, नुसती उंची काय कामाची.

बाहेरच्या मैदानांवर मात्र भिंगरीचं काहीतरी बिनसे. नऊपैकी सहा सामने हरली. तिकडे बसने दीड तास जायचं, आजोबांच्या गुडघ्यांना ते झेपत नसे, म्हणून ते कधी गेले नव्हते. यातून त्यांनी काय अर्थ काढावा? मी समोर असलो की ती हरत नाही. बस्स. हे त्यांनी न्हाव्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, आजीला तर रोज सांगितलं. आजी म्हणाली, तुमच्या तोंडाकडे बघून कुणी जिंकत असेल तर मी इतकी वर्षं काय करत होते? पण आजोबांची छाती जी फुगली होती ती फुगलीच. आपली नात, आपला उंचवटा, आपली नजर. तीन गोष्टी एका रेषेत आलेल्या, आणि रेषा हा तर त्यांचा जन्मभराचा विषय.

साखळीतला शेवटचा सामना पलीकडच्या गावाला होता, त्या डावखुरीच्या संघाशी. पुढच्या रविवारी अंतिम सामनाही याच दोन संघांत, पण इथे, टाकीमागे. आजोबांनी ठरवलं, आता गुडघे गेले खड्ड्यात, आपण जायचंच. आपण समोर बसलो की बाहेरही जिंकेल. गुडघ्यांना पट्टे बांधले, स्टूल घेतलं आणि मुलांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसले.

तिथे त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या घशाखाली उतरेना. भिंगरीचा पहिला चेंडू वर गेला. दुसरा वर गेला. तिसरा, चौथा, वर. बॅटवाला फुकटात पुढे. चष्मेवाला ओरडत होता, घाबरू नकोस, श्वास घे. आजोबांनी मात्र ओरडणं ऐकलंच नाही, ते चेंडू बघत होते. चेंडू डावीकडे जात नव्हता, उजवीकडे जात नव्हता. दर वेळी पाहिजे त्याच्यापेक्षा चार बोटं वर. चार म्हणजे चारच. घाबरलेला माणूस एकदा इकडे चुकतो, एकदा तिकडे. ही पोर दर वेळी एकसारखी चुकत होती. कामावर ते हाताखालच्यांना नेहमी सांगत, ओळीतली एक फरशी वाकडी गेली तर हाताकडे बघ, सगळ्याच सारख्या वाकड्या गेल्या तर दोरीकडे बघ. दुसऱ्या डावानंतर चष्मेवाल्याने भिंगरीला बाहेर काढलं. ती मान खाली घालून बाकावर बसली आणि आजोबांकडे तिने बघितलं नाही. डावखुरी मात्र त्या दिवशी अशी फेकत होती की विचारू नका. दम नाही म्हणे.

सामना संपला, संघ हरला. मुलं बसकडे गेली आणि आजोबा टेप काढून मैदानात गेले. पट्टीच्या पुढच्या कडेपासून प्लेटच्या समोरच्या कडेपर्यंत टेप लावली. चव्वेचाळीस फूट सात इंच. त्यांच्या तोंडावर लगेच हसू आलं. यांचंच चुकलंय! सतरा इंच कमी! पोरगी चुकणार नाही तर काय करणार? मैदानाचा माळी, एक गोल पोटाचा माणूस, कडेला पाणी मारत होता. आजोबा त्याच्याकडे गेले आणि जसं लोकांच्या घरी सांगत तसं सांगितलं, की तुमचं माप चुकलंय हो, सतरा इंचांनी.

माळी भला माणूस होता. त्याने नळी खाली ठेवली, आजोबांना परत प्लेटपाशी नेलं आणि पायाच्या अंगठ्याने प्लेटचं मागचं टोक दाखवलं. प्लेट पाचकोनी असते, पिचरच्या बाजूला सरळ कड आणि मागे टोक. माप धरतात ते त्या टोकापासून, काका, तो म्हणाला, समोरच्या कडेपासून नाही. नव्या माणसाला हे ठाऊक नसतं. मग त्याने स्वतः टेप टोकावर धरली आणि आजोबांना पट्टीकडे चालायला लावलं. बरोबर शेहेचाळीस. कडेपासून टोकापर्यंत प्लेट सतरा इंच लांब असते, हे त्याने वर सांगितलं.

आजोबांनी माळ्याचे आभार मानले. आपण टाकीमागचा उंचवटा बांधलाय हे काही त्याला सांगितलं नाही. सहज विचारलं, म्हणाले. आणि बसमध्ये पुढच्या सीटवर येऊन बसले.

सोमवारी सकाळी ते एकटे टाकीमागे गेले. जायची खरं तर गरज नव्हती, त्यांना पक्कं आठवत होतं. फरशीवाला दोन वस्तूंमधलं अंतर घेतो ते या कडेपासून त्या कडेपर्यंत, मधली मोकळी जागा. चाळीस वर्षं तसंच घेतलं. कागदावर लिहिलं होतं, प्लेटपासून. प्लेटच्या कुठून, असं एका वाक्यात विचारता आलं असतं. पण ओळंब्याने विचारायचं? तेही चष्मेवाल्याला? टेप लावली. टोकापासून पट्टीपर्यंत सत्तेचाळीस फूट पाच इंच.

मग सगळं आपोआप जागच्या जागी बसायला लागलं. बाहेरून आलेल्या पिचरचे चेंडू इथे का मान टाकत, कारण त्यांना सतरा इंच लांबून फेकायला लावलं होतं. भिंगरी इथे का जिंके, कारण तिला याच अंतराची सवय. बाहेर चार बोटं वर का, तेही त्यामुळेच. ती डावखुरी पोर याच जागी उभी राहून रडली होती. आणि आपण न्हाव्याच्या खुर्चीत बसून तिला नावं ठेवली. आजोबा उंचवट्याच्या कडेला बसले. आपल्या समोर बसण्याने कुणी जिंकत नव्हतं, हेही तेवढ्यातच त्यांच्या लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात जास्त लागलं.

घरी येऊन त्यांनी आजीला सांगितलं. रविवारी अंतिम सामना. पट्टी आहे तशी ठेवली तर पोरगी नक्की जिंकेल आणि कुणाला काही कळणार नाही. हलवली तर तिचे चेंडू चार बोटं वर जाणार आणि हातात दिवस सहा. काय करावं? आजी भांडी पुसत होती. ती म्हणाली, "तुम्ही मला विचारताय की सांगताय?" मग तिने त्यांच्या हाताकडे बघितलं. "विचारायचं असतं तर येताना हातात छिन्नी आणली नसती," ती म्हणाली आणि पुढचं भांडं घेतलं. खरंच, पोटमाळ्यावरची हत्यारांची पिशवी उतरवून ते छिन्नी हातात घेऊनच स्वयंपाकघरात आले होते.

मंगळवारी ते चष्म्याच्या दुकानात गेले. चष्मेवाला आधी हसला, मग आजोबांचा चेहरा बघून गप्प झाला, मग हिशोब करून पांढरा पडला. बारा मुलं वर्षभर राबलीत, तो म्हणाला. अंतिम सामना आहे. रविवारनंतर करू ना, बाबा. आता कशाला? आजोबांनी ऐकून घेतलं आणि काउंटरवर पडलेला एक चष्मा उचलला.

"एखाद्याला चुकीच्या नंबरची काच बसवली, आणि तुझ्या लक्षात आलं, तर त्याला काय सांगतोस? रविवारनंतर ये?"

चष्मेवाला बराच वेळ काच पुसत राहिला. मग म्हणाला, ठीक आहे, पण भिंगरीला तुम्ही सांगायचं. ते मी करणार नाही.

आई कामावरून येईपर्यंत भिंगरी आजीकडेच असे. आजोबांनी तिला संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, माळ्यासकट. भिंगरी इतकी शांत बसली की आजीने दोनदा वळून बघितलं.

"म्हणजे मी जिंकलेच नाही," ती म्हणाली. "अकराच्या अकरा तुम्ही जिंकलात. तुमच्या चुकीने."

"मला वाटायचं, मी समोर बसतो म्हणून तू जिंकतेस," आजोबा म्हणाले. हे त्यांच्या तोंडून कसं निघालं त्यांनाच कळलं नाही.

"माहितीये. सगळ्यांना सांगत फिरता ते." तिचे डोळे भरले होते. "रविवार होऊ द्या ना मग. एकच तर मॅच राहिलीये."

आजोबा नाही म्हणाले. उद्या सकाळी पट्टी काढतो म्हणाले. तिने खुर्ची मागे ढकलली, दप्तर उचललं आणि जिना चढून वर आपल्या घरी गेली. त्या रात्री त्यांनी अर्धंच जेवण केलं.

बुधवारी उजाडल्यावर ते मैदानात होते. टायरच्या रबराचे पट्टे गुडघ्यांना बांधले, खाली बसले आणि पट्टीच्या कडेने छिन्नी मारायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी इतकं पक्कं बसवलं होतं की आता स्वतःच्याच कारागिरीला शिव्या घालायची वेळ आली. अर्ध्या तासात घामाने अंगरखा भिजला आणि पट्टीची एक कड जेमतेम सुटली. तेवढ्यात मागे सायकल आडवी टाकल्याचा आवाज आला. शाळेच्या कपड्यांत भिंगरी उभी होती. हाताची घडी घालून बघत राहिली.

शेवटी पट्टी सुटली. आजोबांनी ती उचलून बाजूला ठेवली. खाली विटा, विटांवर चारही बाजूंनी सारखा पसरलेला मसाला, कुठे पोकळी नाही, कुठे भेग नाही. जन्मात इतकं चोख काम कुणाचं उखडलं नसेल त्यांनी. भिंगरी जवळ आली, वाकून खड्ड्यात बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"कुणी बसवली होती ही?"

तिच्या तोंडावर हसू नव्हतं. आजोबांनी वर बघितलं. चाळीस वर्षं हा प्रश्न विचारला, उत्तर कधी दिलं नव्हतं.

"मी," ते म्हणाले. "मीच बसवली होती, बाळ. चुकलं माझं."

तिने त्यांच्या खिशातून टेप काढली, पळत प्लेटपाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि टेपचं टोक मागच्या कोनावर दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं. तिथून ओरडली, की आता नीट बघा, आणि कुठून मोजायचं ते तरी विचारा. आजोबांनी विचारलं. मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं विचारलं, माप कुठून धरायचं ग? ती म्हणाली, टोकापासून. त्या दिवशी शाळेची पहिली तासिका बुडाली. आईला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी चष्मेवाला आणि सगळी मुलं माती वाहायला आली. गुरुवारी पट्टी बसली. शुक्रवारी आणि शनिवारी भिंगरीने अंधार पडेपर्यंत चेंडू फेकले, आणि ते चार बोटं वर जात राहिले. कधी तीन बोटं, कधी पाच. आजोबांनी मोजलं आणि पहिल्यांदाच तिला काही सांगितलं नाही. शनिवारी दुपारी दाढीला गेले तेव्हा न्हाव्याने विचारलं, मग उद्या जिंकणार ना, तुम्ही समोर असणार म्हणजे? आजोबांनी साबण लावलेल्या तोंडाने त्याला सगळी हकीकत सांगितली, डावखुरीबद्दल आपण काय बोललो होतो तेही. न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला.

रविवारी निघताना त्यांनी भिंगरीला विचारलं, मी येऊ का? ती बुटाची नाडी बांधत होती. "या ना," ती म्हणाली. "तुम्ही आल्याने काही होत नाही, आता माहीतच आहे." आजी मोठ्याने हसली. आजोबांनी स्टूल उचललं.

पाहुण्या संघाबरोबर तो गोल पोटाचा माळीही आला होता. सामन्याआधी तो सवयीने उंचवट्यावर गेला, पाय आपटला, खिशातून टेप काढून प्लेटच्या टोकापासून मोजलं आणि मान डोलावली. आजोबा जाळीआड स्टुलावर बसून दुसरीकडे बघत राहिले.

पहिल्या डावात भिंगरीचे चेंडू वर गेले. तीन जण फुकटात पुढे सरकले आणि चौथ्याने मारलेल्या फटक्यावर तीन धावा झाल्या. आजोबांना स्टुलावर बसवेना, उठवेना. जाळीच्या तारेत बोटं अडकवून ते नुसते धरून राहिले. पोरीचं वाटोळं केलं आपण, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं. दुसऱ्या डावात अजून एक धाव गेली. मग तिसऱ्या डावाच्या आधी ती उंचवट्यावर उभी राहिली आणि फेकायच्या आधी दोनदा आपल्या पायाखालच्या पट्टीकडे बघितलं, मग समोर. पाऊल थोडं लांब टाकलं. चेंडू गुडघ्याच्या वर, छातीच्या खाली. पंचाचा हात वर गेला. पुढचा तसाच. त्याच्या पुढचाही. शेवटच्या चार डावांत तिने एकही धाव दिली नाही, आणि हे चार दिवसांत शिकून.

पण डावखुरीही काही कमी नव्हती. आता तिचे चेंडू मान टाकत नव्हते. चार विरुद्ध तीन, पाहुणे जिंकले. डावखुरी याच उंचवट्यावर उड्या मारत होती आणि आजोबांना ते बघून बरं वाटलं. हरल्याचं वाईटही वाटलं, खूप वाटलं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि कुठलं मोठं ते त्यांना सांगता आलं नसतं.

मुलांनी हात मिळवले. भिंगरी लाल झालेल्या डोळ्यांनी, हातमोजा काखेत मारून जाळीपाशी आली. आजोबांनी तिच्या टोपीवरची माती झटकली. तेवढ्यात माळी तिकडून चालत आला. आमचा उंचवटा दर पावसात वाहून जातो, तो भिंगरीला म्हणाला, असा टणक आणि मापाचा मी कुठे बघितला नाही.

"कुणी बसवलाय हा?" त्याने विचारलं.

आजोबांची मान खाली गेली. भिंगरीने मात्र ताठ मानेने माळ्याकडे बघितलं.

"माझ्या आजोबांनी," ती म्हणाली. "दोनदा."

माळ्याने आजोबांकडे बघितलं. मग परत नीट बघितलं, आणि त्याच्या ध्यानात आलं, सतरा इंच चुकलंय म्हणून सांगायला आलेले काका ते हेच. त्याने टोपी काढली आणि हात पुढे केला. आजोबांनी तो धरला, भिंगरीने त्यांचं स्टूल उचललं, आणि तिघं पाहुण्यांच्या बसच्या बाजूला चालायला लागले. माळी विचारत होता, आमच्याकडे कधी येता, आणि आजोबा म्हणत होते, येईन, पण मापं तुम्ही समोर उभे राहून सांगायची.